प्रशिक्षणासाठी दिलेली माहिती गुप्त कशी राहील?

रायपूर शहराच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या मार्गावर भनपुरी ही औद्योगिक वसाहत आहे. पोलादाच्या रोलिंग मिल, लहानमोठे कारखाने, गोदामे आणि मालमोटारींची वर्दळ ही या भागाची ओळख आहे. जवळच उरला आणि सिलतरा ही औद्योगिक क्षेत्रे आहेत. याच शहरालगत नवा रायपूर येथे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या डेटा सेंटर संकुलाची पायाभरणी मे २०२५ मध्ये झाली. रायपूरच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचा एक प्रकल्पही केंद्र सरकारच्या 'इंडिया एआय' मोहिमेने ऑक्टोबर २०२४ मध्ये निवडला. आरोग्यसेवेत वापरल्या जाणाऱ्या संगणकप्रणालींमधील पक्षपात कमी करणे हा त्याचा विषय आहे.

आरोग्य, विमा, बँका, पोलीस तपास अशा अनेक क्षेत्रांत यंत्रशिक्षण, म्हणजेच मशीन लर्निंग, वापरले जाऊ लागले आहे. यंत्राला शिकवण्यासाठी लागणारी माहिती माणसांकडून येते. भनपुरीतील कामगाराचा रक्ततपासणी अहवाल, छातीचा क्ष-किरण फोटो किंवा श्रवणचाचणीचा निकाल हा अशा माहितीचाच भाग होऊ शकतो. माहितीची मूळ नोंदवही कुलपात ठेवली, तिच्यातील नावे खोडली, तर ती सुरक्षित झाली असा सर्वसाधारण समज आहे. मात्र त्या माहितीवर शिकलेले यंत्रच ती बाहेर सांगू शकते, असे गेल्या काही वर्षांतील संशोधनातून स्पष्ट झाले आहे. हे कसे घडते, त्यावर उपाय कोणते आणि त्या उपायांची किंमत काय, याचा हा आढावा.

नाव खोडणे पुरेसे का नाही?

हा प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सध्याच्या लाटेपूर्वीचा आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी नावे व पत्ते वगळून संशोधकांना देण्यात आल्या. त्यांत जन्मतारीख, लिंग आणि टपाल विभागाचा क्रमांक मात्र होता. लटान्या स्वीनी या त्या वेळी विद्यार्थिनी असलेल्या संशोधिकेने २० डॉलरना मिळणारी मतदारयादी विकत घेतली आणि दोन्ही याद्या ताडून पाहिल्या. राज्याचे तत्कालीन गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची वैद्यकीय नोंद त्यातून नेमकी वेगळी काढता आली.

नेटफ्लिक्स या कंपनीने २००६ मध्ये एका स्पर्धेसाठी सुमारे ४ लाख ८० हजार ग्राहकांनी चित्रपटांना दिलेले सुमारे १० कोटी गुण नावे काढून प्रसिद्ध केले. अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह या संशोधकांनी चित्रपटविषयक दुसऱ्या संकेतस्थळावरील जाहीर अभिप्रायांशी ते ताडले आणि काही ग्राहकांची ओळख पटू शकते हे दाखवून दिले. पुढे कंपनीने जाहीर केलेली दुसरी स्पर्धा २०१० मध्ये रद्द करण्यात आली.

या दोन्ही प्रसंगांत व्यक्तींच्या नोंदी तरी प्रसिद्ध झाल्या होत्या. २००८ मध्ये जनुकशास्त्रात याहून गंभीर बाब समोर आली. शेकडो लोकांच्या जनुकीय माहितीची केवळ सरासरी प्रसिद्ध झाली असली, तरी एखाद्या व्यक्तीचा जनुकीय नमुना हाती असल्यास ती व्यक्ती त्या अभ्यासात होती की नाही हे ओळखता येते, असे संशोधकांनी सिद्ध केले. त्यानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अशी एकत्रित आकडेवारी सार्वजनिक संकेतस्थळावरून काढून घेतली. एकत्रित आकड्यांच्या आडही व्यक्ती लपत नाही, हा त्याचा अर्थ होता. प्रशिक्षित मॉडेल हे एका दृष्टीने अशाच एकत्रित आकड्यांचे मोठे गाठोडे असते.

यंत्र घोकंपट्टी करते तेव्हा

यंत्रशिक्षणात मॉडेल म्हणजे असंख्य आकड्यांची एक रचना. तिला हजारो उदाहरणे दाखवली जातात. प्रत्येक उदाहरणावर तिचे उत्तर किती चुकले हे मोजून ते आकडे थोडे थोडे बदलले जातात. चांगले प्रशिक्षण झाल्यास मॉडेल उदाहरणांमागील सर्वसाधारण नियम शिकते. उदाहरणे थोडी आणि आकडे फार असल्यास ते नियम शिकण्याऐवजी उदाहरणेच पाठ करते. शाळेतील विद्यार्थी गणिताची रीत न समजता पुस्तकातील उत्तरे पाठ करतो, तसाच हा प्रकार आहे. अशा विद्यार्थ्याला पुस्तकातील गणित घातले तर तो झटकन उत्तर देतो आणि नवे गणित घातले तर अडखळतो. मॉडेलच्या वागणुकीतील हाच फरक हल्लेखोराच्या उपयोगी पडतो.

नेहमीपेक्षा वेगळी असलेली उदाहरणे पाठ होण्याचा संभव अधिक असतो. हजार रुग्णांची लक्षणे एकसारखी असतील तर त्यांतील एकाची नोंद मॉडेलला वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही. दुर्मीळ आजाराचा एकच रुग्ण असेल, तर त्याच्याविषयी अचूक उत्तर देण्यासाठी मॉडेलला त्याची नोंदच जवळजवळ साठवावी लागते. ज्याला गोपनीयतेची गरज अधिक, त्याचाच धोका अधिक, असा हा पेच आहे.

हल्ल्यांचे चार प्रकार

पहिला प्रकार सहभाग ओळखण्याचा. रेझा शोकरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात याची पद्धत मांडली. हल्लेखोराकडे एखाद्या व्यक्तीची काही माहिती असते आणि ती मॉडेलच्या प्रशिक्षणात वापरली गेली होती का, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. तो ती माहिती मॉडेलला देतो आणि मॉडेल किती खात्रीने उत्तर देते ते पाहतो. अनोळखी व्यक्तीबाबत मॉडेलची खात्री ७० टक्के आणि या व्यक्तीबाबत ९९ टक्के दिसली, तर ही नोंद मॉडेलने पूर्वी पाहिलेली असावी असा कयास बांधता येतो. या कयासासाठी मॉडेलच्या आतील रचना ठाऊक असण्याचीही गरज नसते. केवळ प्रश्न विचारून उत्तरे मिळाली तरी पुरते.

दुसरा प्रकार उलट्या दिशेने अनुमान काढण्याचा. मॅट फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाची मात्रा ठरवणाऱ्या मॉडेलचा अभ्यास केला. रुग्णाचे वय, वंश यांसारखी माहिती आणि त्याला मिळालेली मात्रा ठाऊक असल्यास त्याच्या जनुकीय खुणांचा अंदाज मॉडेलच्या साह्याने बांधता येतो, असे त्यांना आढळले. पुढील वर्षी त्यांनी चेहरे ओळखणाऱ्या मॉडेलमधून, केवळ नावाच्या आधारे, त्या व्यक्तीच्या चेहऱ्याशी मिळतीजुळती प्रतिमा तयार करून दाखवली.

तिसरा प्रकार शब्दशः माहिती काढून घेण्याचा. भाषेवर आधारित मोठ्या मॉडेलना हा धोका विशेष आहे. निकोलस कार्लिनी आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये जीपीटी-२ या मॉडेलकडून मजकूर तयार करून घेतला आणि त्यातील सुमारे १८०० संशयित नमुने तपासले. त्यांपैकी ६०० हून अधिक नमुने प्रशिक्षणातील मजकुराशी शब्दशः जुळले. काहींमध्ये व्यक्तींची नावे, दूरध्वनी क्रमांक आणि ईमेल पत्ते होते. २०२३ मध्ये चॅटजीपीटीला एकच शब्द अखंड पुन्हा म्हणायला सांगितल्यावर काही वेळाने ते भरकटते आणि प्रशिक्षणातील मजकूर ओकू लागते, असे आढळले. सुमारे २०० डॉलर खर्च करून संशोधकांनी असे १० हजारांहून अधिक नमुने मिळवले. प्रसिद्धीपूर्वी त्यांनी संबंधित कंपनीला याची कल्पना दिली होती.

चौथा प्रकार प्रशिक्षण सुरू असतानाच घडतो. अनेक संस्था मिळून मॉडेल शिकवत असतील, तर त्या एकमेकींना केवळ आकड्यांतील बदल कळवतात. या बदलांवरूनही मूळ छायाचित्र किंवा मजकूर पुन्हा उभा करता येतो, हे २०१९ मध्ये दाखवण्यात आले.

सिकलसेलचे उदाहरण

हे धोके दूरचे वाटू शकतात. रायपूर आणि विदर्भातील कुटुंबांच्या दृष्टीने पाहिल्यास ते किती जवळचे आहेत हे लक्षात येते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी नागपूर ही ज्या राज्याची राजधानी होती, त्याच राज्यात रायपूरही होते. आज राज्ये वेगळी असली तरी गडचिरोली, गोंदियापासून छत्तीसगढपर्यंतच्या पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार ही समान आरोग्यसमस्या आहे. या आजारासाठी रायपूरमध्ये स्वतंत्र संस्था आहे.

सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा प्रारंभ पंतप्रधानांच्या हस्ते १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे झाला. २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या राहू नये, हे तिचे उद्दिष्ट आहे. सतरा राज्यांतील आदिवासीबहुल भागांत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरले आणि तपासलेल्यांची संख्या २०२५ मध्ये ६ कोटींच्या पुढे गेली. आईवडील दोघेही या विकाराचे वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणूनच विवाहापूर्वी समुपदेशनाला महत्त्व आहे. मात्र याच कारणामुळे तपासणीचा निकाल बाहेर फुटल्यास एखाद्या मुलीचे लग्न मोडू शकते किंवा कामगाराला भट्टीजवळच्या कामावरून दूर केले जाऊ शकते. वाहक व्यक्ती सामान्यतः निरोगी आयुष्य जगते, ही वस्तुस्थिती अशा वेळी कोणी विचारात घेत नाही.

आता एक काल्पनिक परिस्थिती विचारात घेऊ. केवळ सिकलसेल रुग्णांच्या नोंदींवर एक मॉडेल तयार केले आहे. कोणत्या रुग्णाला पुढील वर्षभरात रुग्णालयात दाखल करावे लागेल, याचा अंदाज ते देते. भनपुरीतील एका कामगाराची नोंद या प्रशिक्षणात होती. त्याच्या सर्वसाधारण रक्तचाचणीचे आकडे कोणाच्या तरी हाती आहेत. त्याने ते मॉडेलला दिले आणि मॉडेलच्या उत्तरावरून ही नोंद प्रशिक्षणात होती हे ओळखले. मॉडेलने आजाराचे नाव घेतले नाही, नोंदवहीही उघडली गेली नाही. तरीही हा कामगार सिकलसेलचा रुग्ण आहे हे उघड झाले, कारण त्या प्रशिक्षणात दुसरे कोणी नव्हतेच. सहभाग ओळखणे एवढ्याच कारणामुळे इतर हल्ल्यांचे मूळ मानले जाते.

या उदाहरणात आणखी एक पदर आहे. सिकलसेल आनुवंशिक असल्याने एका व्यक्तीचा निकाल तिच्या आईवडिलांविषयी आणि भावंडांविषयीही काही सांगतो. त्यामुळे संरक्षण एका नोंदीचे करायचे, एका व्यक्तीचे की संपूर्ण कुटुंबाचे, हे आधीच ठरवावे लागते.

नाणेफेकीचे गणित

या हल्ल्यांवर गणिताची हमी देणारा उपाय डिफरन्शियल प्रायव्हसी या नावाने ओळखला जातो. सिंथिया ड्वर्क, फ्रँक मॅकशेरी, कोबी निसिम आणि ॲडम स्मिथ यांनी तो २००६ मध्ये मांडला. त्यासाठी त्यांना २०१७ चा ग्योडेल पुरस्कार मिळाला. याची बीजे मात्र स्टॅनली वॉर्नर या संख्याशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये सुचवलेल्या सर्वेक्षणपद्धतीत आढळतात. तिचे सोपे रूप असे आहे.

समजा, एक हजार कामगारांना विचारायचे आहे की, काम जाईल या भीतीने तुम्ही कधी आजार लपवला आहे का? प्रत्येकाने आडोशाला जाऊन नाणे उडवायचे. छापा पडला तर खरे उत्तर द्यायचे. काटा पडला तर पुन्हा नाणे उडवायचे आणि छापा आल्यास 'होय', काटा आल्यास 'नाही' असे सांगायचे. समजा, ३१० जणांनी 'होय' सांगितले. सुमारे ५०० जणांची उत्तरे केवळ नाण्यावर अवलंबून होती. त्यांतील निम्मे, म्हणजे २५० 'होय' निव्वळ योगायोगाचे. उरलेले ६० 'होय' खरे उत्तर देणाऱ्या ५०० जणांचे. याचा अर्थ सुमारे १२ टक्के कामगारांनी आजार लपवला आहे. एकूण चित्र कळले, परंतु 'होय' म्हणणाऱ्या कोणत्याही एका कामगाराकडे बोट दाखवता येत नाही. 'नाण्याने सांगायला लावले' असे त्याला नेहमीच म्हणता येते.

हे संरक्षण मोजताही येते. आजार लपवलेल्याने 'होय' म्हणण्याची शक्यता येथे ७५ टक्के आणि न लपवलेल्याने 'होय' म्हणण्याची २५ टक्के आहे. दोन्हींतील प्रमाण तीनपट. हे प्रमाण एकपटीच्या जितके जवळ, तितकी गोपनीयता अधिक. डिफरन्शियल प्रायव्हसीची व्याख्या याच कल्पनेवर उभी आहे. एखाद्या व्यक्तीची नोंद माहितीसाठ्यात असो वा नसो, मिळणाऱ्या कोणत्याही निष्कर्षाची शक्यता ठरावीक पटीपेक्षा अधिक बदलता कामा नये. ही मर्यादा ग्रीक अक्षर 'एप्सिलॉन'ने दाखवतात. तिला गोपनीयतेचे अंदाजपत्रक असेही म्हणता येईल, कारण ती खर्च होत जाते. त्याच कामगाराला तोच प्रश्न दहा वेळा, दर वेळी नव्याने नाणे उडवायला लावून विचारला, तर योगायोग धुऊन निघतो आणि सत्य वर येते. त्यामुळे किती प्रश्न विचारले गेले याचा हिशेब ठेवणे हा या पद्धतीचा अविभाज्य भाग आहे.

मॉडेल शिकवताना ही कल्पना वापरण्याची रीत २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रत्येक नोंदीमुळे मॉडेलच्या आकड्यांत किती बदल व्हावा यावर कमाल मर्यादा घालायची, म्हणजे एकाही व्यक्तीचा ठसा फार खोल उमटत नाही. मग अनेक नोंदींच्या एकत्रित बदलात ठरावीक प्रमाणात यादृच्छिक आकडे मिसळायचे, म्हणजे उरलेला ठसाही पुसट होतो. अमेरिकेने २०२० च्या जनगणनेची आकडेवारी प्रसिद्ध करताना डिफरन्शियल प्रायव्हसीचा अवलंब केला. गूगलने सप्टेंबर २०२५ मध्ये सुमारे शंभर कोटी आकड्यांचे, प्रारंभापासून याच रीतीने शिकवलेले 'व्हॉल्टजेमा' हे भाषा-मॉडेल खुले केले. त्याची क्षमता साधारण पाच वर्षांपूर्वीच्या असंरक्षित मॉडेलइतकी असल्याचे कंपनीने त्या वेळी नमूद केले.

या हमीची मर्यादाही समजून घेतली पाहिजे. रोलिंग मिलमधील आवाजामुळे कामगारांची श्रवणशक्ती कमी होते, असा निष्कर्ष एखाद्या अभ्यासातून निघाला आणि विमा कंपनीने सर्वच मिल कामगारांचा हप्ता वाढवला, तर डिफरन्शियल प्रायव्हसी ते रोखू शकत नाही. एखाद्या कामगाराने अभ्यासात भाग घेतला नसता तरी निष्कर्ष तोच निघाला असता. सहभागामुळे होणारी हानी ही पद्धत टाळते. समूहाविषयीच्या ज्ञानाचा गैरवापर टाळण्यासाठी कायदा आणि धोरणच लागते.

इतर उपाय

माहिती एका ठिकाणी गोळा न करता मॉडेललाच माहितीकडे पाठवणे, हा दुसरा मार्ग आहे. त्यास फेडरेटेड लर्निंग म्हणतात. प्रत्येक रुग्णालय आपल्या नोंदींवर मॉडेल शिकवते आणि केवळ आकड्यांतील बदल मध्यवर्ती संगणकाकडे पाठवते. वर उल्लेखिलेल्या चौथ्या प्रकारच्या हल्ल्यामुळे ही पद्धत एकटी पुरेशी ठरत नाही. म्हणून सर्व रुग्णालयांच्या बदलांची बेरीज मध्यवर्ती संगणकाला कळेल, परंतु कोणा एकाचा बदल कळणार नाही, अशी सांकेतिक व्यवस्था तिला जोडतात. २०१७ मध्ये तिची व्यवहारात वापरता येईल अशी रीत प्रसिद्ध झाली.

माहिती सांकेतिक रूपात असतानाच तिच्यावर गणिते करण्याची पद्धतही उपलब्ध आहे. क्रेग जेंट्री यांनी २००९ मध्ये ती तत्त्वतः शक्य असल्याचे सिद्ध केले. गणिते करणाऱ्या संगणकाला माहिती दिसत नाही, मात्र वेळ आणि खर्च बराच वाढतो. शिवाय तयार झालेले मॉडेल पुढे काय बोलून जाईल यावर या पद्धतीचा ताबा नसतो.

काही उपाय साधे आहेत आणि ते प्रथम करावेत, याबद्दल तज्ज्ञांमध्ये फारसा मतभेद नाही. कामासाठी आवश्यक तेवढीच माहिती घ्यावी. एकच नोंद माहितीसाठ्यात अनेकदा आली असेल तर जादा प्रती काढून टाकाव्यात, कारण पुनरावृत्तीने पाठांतर पक्के होते. मॉडेलने खात्रीचे नेमके आकडे बाहेर न देता केवळ निर्णय द्यावा. एकाच ठिकाणाहून येणाऱ्या प्रश्नांची संख्या मर्यादित ठेवावी. शेवटचे दोन उपाय हल्ला अवघड करतात, अशक्य करत नाहीत. म्हणून मॉडेल वापरात आणण्यापूर्वी त्याच्यावर स्वतःच हल्ला करून पाहण्याची शिफारस केली जाते. चाचणीसाठी काही बनावट नोंदी मुद्दाम प्रशिक्षणात मिसळायच्या आणि नंतर त्या बाहेर काढता येतात का ते तपासायचे, ही त्याची एक रूढ रीत आहे.

संरक्षणाची किंमत

यादृच्छिक आकडे मिसळल्याने मॉडेलची अचूकता घटते. वॉरफरिनच्या अभ्यासात संशोधकांनी हेही पडताळले होते. गोपनीयता परिणामकारक ठरेल इतके संरक्षण दिल्यावर औषधाची मात्रा चुकू लागते आणि रक्तस्राव, पक्षाघात व मृत्यू यांचा धोका वाढतो, असे त्यांच्या संगणकीय चाचण्यांत दिसून आले. रुग्णाचे गुपित राखताना त्याचा जीव धोक्यात येणार असेल, तर असे मॉडेल उपचारासाठी वापरता येणार नाही.

ही घट सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. माहितीसाठ्यात ज्यांचे प्रतिनिधित्व कमी आहे, त्यांच्याबाबत मॉडेल अधिक चुकते, असे २०१९ मधील संशोधनात आढळले. कारण उघड आहे. एकट्यादुकट्या नोंदींचा ठसा पुसट केला की, त्या नोंदींतून शिकण्यासारखे जे होते तेही पुसले जाते. लहान आदिवासी समूह, स्थलांतरित कामगार, दुर्मीळ आजाराचे रुग्ण यांना संरक्षणाची गरज सर्वाधिक आहे आणि संरक्षणाचा भुर्दंडही त्यांनाच बसतो. अधिक लोकांची माहिती मिळवणे हा यावरील खात्रीचा उपाय आहे, कारण गर्दी मोठी असेल तर थोडा गोंगाट मिसळूनही एकूण सूर बिघडत नाही. मात्र अधिक लोक माहिती देण्यास पुढे यावेत, यासाठी त्यांचा विश्वास आधी संपादन करावा लागतो.

भारतातील प्रयत्न आणि कायदा

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. बहुतेक जबाबदाऱ्या लागू होण्यास अधिसूचनेपासून १८ महिन्यांचा अवधी ठेवण्यात आला. माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. संमती मागे घेतल्यास माहिती पुसण्याची मागणी नागरिकाला करता येते.

या कायद्यात प्रशिक्षित मॉडेलसाठी स्वतंत्र कलम नाही. नोंदवहीतील नोंद पुसली, तरी तिच्यावर शिकलेल्या मॉडेलमधील ठशाचे काय करायचे, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो. मॉडेल नव्याने शिकवणे खर्चिक असते. शिकलेले विसरायला लावण्याच्या तंत्रावर २०१५ पासून संशोधन सुरू आहे. 'इंडिया एआय' मोहिमेने निवडलेल्या आठ प्रकल्पांत जोधपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडे हाच विषय देण्यात आला. गोपनीयता राखणाऱ्या यंत्रशिक्षणाचा प्रकल्प दिल्ली व धारवाडच्या भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि त्यांच्या सहयोगी संस्थांकडे, तर सुरक्षाक्षेत्रासाठी गोपनीयता राखणाऱ्या व आपल्या निर्णयाची कारणे सांगणाऱ्या प्रणालीचा प्रकल्प पुण्याच्या संरक्षण प्रगत तंत्रज्ञान संस्थेकडे आहे. आयुष्मान भारत डिजिटल मोहिमेअंतर्गत फेडरेटेड लर्निंगवर आधारित व्यवस्था उभारण्यासाठी राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने २०२४ मध्ये कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेशी करार केला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आरोग्यक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांतही माहितीच्या गोपनीयतेचा समावेश आहे.

नागरिकांनी काय विचारावे?

आरोग्य शिबिरात किंवा कारखान्यातील तपासणीत माहिती देणाऱ्या व्यक्तीला तांत्रिक तपशील ठाऊक असण्याची अपेक्षा नाही. काही प्रश्न मात्र कोणालाही विचारता येतात. ही माहिती केवळ माझ्या उपचारासाठी आहे, की तिच्यावर मॉडेल शिकवले जाणार आहे? ते मॉडेल कोण वापरणार, आणि मालकाला किंवा विमा कंपनीला ते उपलब्ध होणार का? नावाखेरीज जन्मतारीख, गाव, जात असा कोणता तपशील नोंदीत राहणार आहे? मॉडेलमधून माहिती बाहेर काढता येते का, याची चाचणी झाली आहे का? आणि उद्या संमती मागे घेतली, तर नोंदीचे व मॉडेलचे काय होईल? कामगार संघटना, ग्रामसभा आणि रुग्णांच्या संघटना हेच प्रश्न सामूहिकपणे विचारू शकतात. संस्थेला त्यांची उत्तरे लेखी द्यावी लागल्यास, संरक्षणाचा विचार प्रशिक्षणापूर्वीच करणे तिला भाग पडेल. एकदा तयार होऊन अनेकांच्या हाती गेलेले मॉडेल परत बोलावता येत नाही, म्हणून या प्रश्नांची वेळ माहिती देण्यापूर्वीची आहे.